जुन्या गाडीचे मूळ रूप

गोंदियाहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी आमगाव आणि सालेकसा ही स्थानके मागे टाकते, तेव्हा भाताची बांधणे विरळ होत जातात आणि डोंगर व अरण्य जवळ येऊ लागते. या अरण्याच्या कुशीत दरेकसा हे लहानसे गाव वसले आहे. पलीकडे थोड्याच अंतरावर महाराष्ट्राची सीमा संपते आणि छत्तीसगड लागते. जवळच हाजरा धबधबा आहे. कचारगडच्या विशाल गुहाही याच परिसरात आहेत. माघी पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्रातून, मध्यप्रदेशातून, छत्तीसगडातून आणि तेलंगणातून गोंड समाजाचे हजारो भाविक कचारगडच्या यात्रेस येतात.

आज हे यात्रेकरू आगगाडीने, एस. टी.ने किंवा मोटारींनी येतात. पूर्वी विदर्भात यात्रेला जाण्याचे मुख्य साधन म्हणजे बैलबंडी. बंडीवर तट्ट्याचे छत बांधावे, तळाशी तणस अंथरावी, एका कोपऱ्यात तांदूळ-डाळीची गाठोडी आणि दुसऱ्या कोपऱ्यात भांडी ठेवावी, खाली कंदील टांगावा, आणि मुलाबाळांसह वाटेला लागावे. रात्र पडली की बैल सोडावेत, तीन दगडांची चूल मांडावी आणि जेवणे उरकून बंडीतच अंग टाकावे. ते चाकांवरचे घरच होते. प्रवासात घराची ऊब सोबत असावी, ही माणसाची इच्छा फार जुनी आहे.

मोटारीचे युग आले, तेव्हा या इच्छेला नवे रूप मिळाले. १९४७ साली बेन पोन नावाच्या एका डच व्यापाऱ्याने आपल्या वहीत एका गाडीचे साधे रेखाचित्र काढले. पेटीसारखा आकार, पुढे चालक आणि मागे इंजिन, एवढीच ती कल्पना होती. तिच्यातून जर्मनीतील फोक्सवॅगन कारखान्याची प्रसिद्ध व्हॅन जन्मास आली. १९५० साली ती मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. तिचे इंजिन अवघे २५ अश्वशक्तीचे होते आणि ते पाण्याऐवजी हवेने थंड होत असे. १९५१ पासून वेस्टफालिया या कंपनीने तिच्यासाठी एक सोयीस्कर सरंजाम तयार केला. त्यात कपाट असे, झोपण्याची सोय असे, आणि काम झाले की तो सारा उतरवूनही ठेवता येई. आठवडाभर माल वाहणारी गाडी सुटीच्या दिवशी घर होई. पुढे १९६० व १९७० च्या दशकांत अशा गाड्या घेऊन युरोपातील तरुण तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान या मार्गाने भारतात येत, आणि त्यांतील कित्येक गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत पोचत.

महाराष्ट्राची स्वतःची अशीच एक गाडी होती. ती म्हणजे मॅटॅडोर. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली जर्मनीतील टेंपो कारखान्याच्या सहकार्याने तीनचाकी टेंपो बनविण्यास आरंभ केला. त्याच बजाज टेंपो कंपनीने १९६९ साली पुण्याजवळील आकुर्डी येथून मॅटॅडोर बाहेर काढली. तिचे नाव जर्मनीतील टेंपो मॅटॅडोरवरून आले होते. गंमत अशी, की १९४९ साली निघालेल्या त्या मूळ जर्मन मॅटॅडोरला पहिली काही वर्षे फोक्सवॅगनचेच इंजिन बसवीत असत. म्हणजे या दोन गाड्यांचे नाते तसे दूरचे, पण खरे आहे. मॅटॅडोरने महाराष्ट्रात कोणते काम केले नाही? ती शाळेची गाडी झाली, रुग्णवाहिका झाली, वऱ्हाड नेणारी झाली आणि भाजीपाला वाहणारीही झाली. पुष्कळ गावांत तर कोणत्याही व्हॅनला लोक ‘मॅटॅडोर’ असेच म्हणत.

आता अशी कल्पना करावी, की दरेकसासारख्या एखाद्या गावी, चिंचेच्या झाडाखाली, एक जुनी मॅटॅडोर उभी आहे. आजोबांनी ती उमेदीच्या काळात घेतली. आठवडाभर तिने बाजाराचा माल वाहिला. सणासुदीला तिच्यात गावच्या सुताराने केलेली लाकडी फळी बसविली जाई आणि कुटुंब यात्रेला निघे. आजी तिच्या खिडक्यांना स्वतः शिवलेले पडदे लावी. अडल्यानडल्या वेळी, रात्री-अपरात्री, तिने गावातल्या आजाऱ्यांना गोंदियाच्या रुग्णालयात पोचविले. आता तिचे टायर बसले आहेत, पत्रा गंजला आहे आणि टपावर पालापाचोळा साचला आहे. तिचे काय करावे, असा प्रश्न घरात निघाला, की तीन मते पुढे येतात.

वडील म्हणतात, “भंगारवाल्याला देऊन टाकावी. जागा तरी मोकळी होईल.” काका म्हणतात, “तिला चकचकीत नवा रंग द्यावा, नवे आसन, नवे दिवे, मोठा आवाज देणारी पेटी बसवावी. लोक पाहत राहतील.” आजोबा काहीच बोलत नाहीत. शेवटी नात विचारते, “ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा जशी होती, तशी तिला पुन्हा करता येणार नाही का?”

या तिन्ही मतांपैकी नातीचे मत सर्वांत अवघड आहे. तरीही ते सर्वांत योग्य होय. मात्र का, ते नीट समजून घेतले पाहिजे. केवळ जुन्याचा मोह म्हणून ते योग्य ठरत नाही.

प्रथम मूळ रूप म्हणजे काय, हे पाहावे. मूळ रूप म्हणजे नवेपणा नव्हे. काकांच्या मनातली गाडी नवी दिसेल, परंतु ती मॅटॅडोर उरणार नाही. आतून दुसरीच वस्तू आणि बाहेरून जुने नाव, असा तो प्रकार होईल. एखाद्या वृद्ध माणसाचे केस काळे केले, म्हणजे तो तरुण होत नाही; आणि त्याच्याविषयी आदर दाखविण्याचा तो मार्गही नव्हे. त्याचा आजार बरा करावा, त्याला चालण्याचे बळ द्यावे आणि त्याचे बोलणे ऐकून घ्यावे, हाच खरा आदर. जुन्या वस्तूचेही तसेच आहे. जे बिघडले ते दुरुस्त करावे, जे हरवले ते शोधावे, आणि जे शाबूत आहे त्याला हात लावू नये.

म्हणूनच या कामात हत्यार हाती घेण्यापूर्वी डोळ्यांचे काम असते. जाणता मिस्त्री गाडी सोडविण्याआधी तिची प्रत्येक बाजूने छायाचित्रे घेतो. कोणता खिळा कोठून निघाला, कोणती तार कोठे जात होती, याची तो नोंद करतो. सुटे झालेले स्क्रू आणि बोल्ट तो निरनिराळ्या डब्यांत ठेवतो व प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावतो. हे न केल्यास दोन महिन्यांनी समोर लोखंडाचा ढीग उरतो, आणि त्यातला कोणता तुकडा कोठला, हे कोणासच सांगता येत नाही.

नंतर रंगाचा शोध घ्यावा लागतो. गाडीच्या एखाद्या झाकलेल्या जागी, उदाहरणार्थ दाराच्या आतल्या कडेला, बारीक पॉलिश कागदाने हलकेच घासले, म्हणजे रंगाचे थर एकाखाली एक दिसू लागतात. वर निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली फिकट पिवळा आणि सर्वांत खाली अस्तराचा रंग. झाडाच्या खोडातील वलयांवरून जसे त्याचे वय कळते, तसा या थरांवरून गाडीचा इतिहास वाचता येतो. अस्तरावरचा पहिला थर हा कारखान्यातला रंग असतो. काकांनी एकदम नवा रंग मारला असता, तर हा इतिहास कोणी वाचण्यापूर्वीच पुसला गेला असता.

गंजाची कथाही बोधप्रद आहे. लोखंडाला हवा आणि पाणी यांचा संयोग मिळाला, की गंज धरतो. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो आणि फुगा येतो. त्या फुग्यावर लांबी भरून वरून रंग दिला, की गाडी काही दिवस सुंदर दिसते. परंतु आत गंजाचे काम चालूच राहते. पहिला पावसाळा संपेपर्यंत फुगा पुन्हा वर येतो. प्रामाणिक कारागीर गंजलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून काढतो, त्याच मापाचा आणि त्याच वळणाचा नवा तुकडा तयार करतो, तो झाळून बसवितो, आणि मगच रंगाकडे वळतो. या कामास वेळ लागतो. पण दोष झाकणे आणि दोष दूर करणे यांत केवढे अंतर आहे, हे ते काम पाहताना मुलांनाही कळते.

या मताविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात. ते क्षुल्लक नाहीत, म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप खर्चाचा. ज्या घरात मुलांची फी भरावयाची आहे, बियाणे घ्यावयाचे आहे, तेथे जुन्या गाडीवर पैसा का घालावा? हा प्रश्न रास्त आहे. घरातील माणसांच्या गरजा आधी आणि गाडी नंतर, यात वाद नाही. परंतु पूर्ववत करण्याचे काम एका दिवसात किंवा एका वर्षात झालेच पाहिजे, असे कोठे आहे? गाडीवर छप्पर घालणे, तिच्यातील पाणी काढणे, गंजाला आणखी पसरू न देणे, एवढे तर थोड्या श्रमांत होते. पुढचे काम सवडीने व्हावे. मूळ वस्तू टिकली, तर उद्या तिला पूर्ववत करता येईल. ती भंगारात वितळली, तर पुढे कितीही पैसा आला तरी ती परत येणार नाही. शिवाय या कामात पैशापेक्षा हातांचे कौशल्य अधिक लागते. लोहार, सुतार, पत्राकाम करणारा, आसने शिवणारा, या सर्वांच्या विद्येला येथे काम मिळते, आणि शेजारी बसलेले मूल ती विद्या पाहून शिकते.

दुसरा आक्षेप असा, की जुने सारेच जपत बसले तर जग पुढे कसे जाणार? याचे उत्तर दरेकसावरून जाणाऱ्या लोहमार्गानेच दिले आहे. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा हा मार्ग प्रथम मीटरगेज होता. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने १८८७ साली तो आपल्या हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी तो रुंद केला. जुने रूळ राखून ठेवले असते, तर हावडा आणि मुंबई यांना जोडणारा हा मोठा मार्ग असा झालाच नसता. गोंदियाहून बालाघाट आणि नैनपूरकडे जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडीही आता राहिली नाही. तेथेही रूळ रुंद झाले. लोकांची सोय झाली, हे चांगलेच झाले. पण त्याच वेळी आणखी एक शहाणपणाची गोष्ट घडली. नागपूरला मोतीबाग येथे २००२ साली अरुंद रुळांच्या रेल्वेचे एक संग्रहालय उघडण्यात आले, आणि त्या छोट्या गाड्यांची इंजिने व डबे तेथे जपून ठेवण्यात आले. रोजच्या वापराच्या वस्तूने काळाबरोबर बदलावे. मात्र तिचा एखादा तरी नमुना खऱ्या रूपात शिल्लक राहावा. सर्वच मॅटॅडोर राखण्याचे कारण नाही. परंतु एकही न राखणे हा करंटेपणा होय.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. जुन्या गाडीचे ब्रेक आजच्या गाडीइतके चांगले नसतात. तिला आसनपट्टे नसतात. मग मूळ रूपाच्या हट्टापायी माणसांचा जीव धोक्यात घालावा काय? कदापि नाही. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत ब्रेकची नळी, टायर आणि विजेच्या तारा नव्या व निर्दोषच असल्या पाहिजेत. जुने टायर मूळचे म्हणून कोणी वापरू नयेत. मूळ रूपाचा आदर आणि विवेक यांत विरोध नाही. ज्या गोष्टीवर जीव अवलंबून आहे, तेथे नवे घ्यावे; परंतु नवे घेतल्याचे लिहून ठेवावे, आणि काढलेला जुना भाग फेकून न देता पेटीत जपावा. मग पुढच्या पिढीची फसगत होणार नाही.

सरकारनेही या बाबतीत काही विचार केला आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वारसा-वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, खाजगी वापरातील दुचाकी व चारचाकी वाहने या नियमांखाली येतात. मात्र वाहन मूळ स्वरूपात राखलेले असले पाहिजे. त्याची चौकट, त्याचा सांगाडा व त्याचे इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. अशा वाहनास निराळा नोंदणी क्रमांक मिळतो; परंतु त्याने रोजची ये-जा किंवा धंदा करता येत नाही. १९६९ सालानंतरच्या पहिल्या मॅटॅडोर आता कोठे या वयाला पोचल्या आहेत. माल वाहिलेल्या गाडीला या नियमांचा लाभ सहजासहजी मिळणार नाही, हे खरे. पण ‘मूळ स्वरूप’ या गुणाला कायद्याने किंमत दिली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

आता सर्वांत नाजूक प्रश्न उरतो. मूळ रूप कोणत्या दिवसाचे? कारखान्याच्या फाटकातून गाडी बाहेर पडली, त्या दिवसाचे? की कुटुंबाने तिला आपलेसे केले, त्या दिवसांचे? सुताराने केलेली फळी आकुर्डीच्या कारखान्यात बनली नव्हती. आजीचे पडदे कोणत्याही यादीत सापडणार नाहीत. दाराच्या खांबावर मुलांची उंची मोजून खिळ्याने ओढलेल्या रेघा आहेत. कारखान्याच्या दृष्टीने तो केवळ ओरखडा होय. कठोर नियम लावावयाचा, तर हे सारे काढून टाकावे लागेल.

येथे नियमापेक्षा समज श्रेष्ठ मानली पाहिजे. गाडीची चौकट, तिचा आकार, तिचे इंजिन आणि तिचा रंग हे कारखान्याचे देणे आहे. ते शक्य तितके मूळचे राखावे. परंतु गाडीने जे आयुष्य घालविले, तेही खरेच आहे. फळी उतरवून ठेवता येते आणि यात्रेच्या दिवशी पुन्हा बसविता येते. वेस्टफालियाचे कपाटही तसेच उतरविता येत होते. पडदे धुऊन, रफू करून पुन्हा लावावेत. दाराच्या खांबावरची ती वीतभर पट्टी मात्र रंग न देता तशीच ठेवावी. पाहणाऱ्यास तेथे जुना रंग दिसेल आणि त्या घरातील मुले कशी वाढली, हेही दिसेल. ज्या दुरुस्तीमुळे वस्तू निर्दोष होते, पण तिची ओळख मात्र पुसली जाते, ती दुरुस्ती चांगली नव्हे.

एवढे करूनही काम संपत नाही, ही गोष्ट ‘फेअरी क्वीन’ या इंजिनाच्या कथेवरून दिसते. हे वाफेचे इंजिन १८५५ साली इंग्लंडमधील लीड्स येथे तयार झाले आणि बंगालमध्ये धावू लागले. १९०९ साली ते सेवेतून निवृत्त झाले. पुढे कित्येक वर्षे ते नुसते उभे होते. अखेर कारागिरांनी त्याला पूर्ववत केले आणि १९९७ साली, ८८ वर्षांनंतर, ते स्वतःच्या वाफेवर पुन्हा धावले. जगातील चालू स्थितीतील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून त्याची कीर्ती झाली. पण २०११ साली त्याचे अनेक महत्त्वाचे भाग चोरीला गेल्याचे आढळून आले! चेन्नईतील पेरांबूरच्या कारखान्यात ते सारे भाग पुन्हा घडवावे लागले, आणि २०१२ च्या डिसेंबरात ते परत रुळांवर आले. एकदा वाचविलेली वस्तू कायमची वाचली, असे कधीच होत नाही. तिच्यावर सतत लक्ष ठेवावे लागते. पूर्ववत करणे हे कौशल्याचे काम आहे, तर जपणे हे निष्ठेचे काम आहे.

चिंचेखालच्या मॅटॅडोरकडे पुन्हा वळावे. नातीचे म्हणणे घराने मान्य केले, तर पहिल्या दिवशी फारसे काही घडणार नाही. टपावरचा पालापाचोळा निघेल. ताडपत्री बांधली जाईल. एका वहीत गाडीचा क्रमांक, वर्ष आणि तिच्या दोषांची यादी लिहिली जाईल. इतके दिवस गप्प बसलेले आजोबा कदाचित जवळ येतील आणि हा दिवा कोठे फुटला, ती खिडकी कोणी बदलली, पावसाळ्यात नाला ओलांडताना इंजिन कसे बंद पडले, हे सांगू लागतील. त्या वहीत ते सर्व उतरले पाहिजे. कारण सुटे भाग पुढेमागे कोठेतरी मिळतील. आजोबांची आठवण मात्र दुसऱ्या कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

जुन्या वस्तूला मूळ रूप देणे म्हणजे काळाचे चाक उलटे फिरविणे नव्हे. तसे कोणालाच करता येत नाही. आपल्या आधीच्या माणसांनी काय घडविले, कसे घडविले आणि त्याच्या साहाय्याने ते कसे जगले, हे खोटेपणा न करता पुढच्यांच्या हाती देणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. दोष झाकू नये, चांगले पुसू नये, आणि नवे घातले तर ते लपवू नये. हे तीन नियम पाळणारा माणूस गाडी तर नीट करीलच; पण घर, गाव आणि स्वतःचे आचरण यांनाही तो त्याच कसोटीला लावील.